सिंड्रेलाच्या राजवाड्यातली खोली

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये सिंड्रेलाचा १८९ फूट उंच राजवाडा आहे. लांबून दगडी वाटतो, पण आहे पोलाद, काँक्रीट आणि फायबरग्लासचा. त्याच्या पोटात, खालून जाणाऱ्या-येणाऱ्याला कळणारही नाही अशा मजल्यावर, एक राहायची खोली आहे. पलंग आहेत, न्हाणीघर आहे, सिंड्रेलाच्या गोष्टीतले प्रसंग रंगवलेल्या काचांच्या खिडक्या आहेत. जागा साधारण साडेसहाशे चौरस फूट, म्हणजे पुण्यातल्या एखाद्या वन-बीएचकेएवढी. सहा माणसं आरामात झोपतात. आणि ती खोली कितीही पैसे मोजायची तयारी असली तरी भाड्याने मिळत नाही.

आमच्याकडे चार माणसं जमली आणि हा विषय निघाला की बहुतेकांना याचं नवल वाटतं. जिथे पाण्याच्या बाटलीपासून रांगेतल्या जागेपर्यंत प्रत्येक गोष्टीला दर लावलाय, तिथे ही एकच खोली का अडवून ठेवायची? एका रात्रीचे वीस-पंचवीस हजार डॉलर देणारे लोक मिळायला वेळ लागणार नाही. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, लेकीचा सोळावा, निमित्तांना काय तोटा!

मला मात्र मनापासून वाटतं की ती खोली भाड्याने देऊ नये, कधीच देऊ नये. डिस्नेची वकिली करायचा माझा विचार नाही. त्या खोलीचं सध्या जे चाललंय तेही मला पुरतं पटत नाही, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण आधी ती खोली आली कुठून ते सांगायला हवं.

वॉल्ट डिस्नेने १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं. आपल्या मुलींना मेरी-गो-राउंडवर बसवून आपण बाकावर शेंगदाणे खात बसायचं, यापेक्षा आईबापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा का असू नये, या विचारातून हे सगळं उभं राहिलं, असं तो सांगायचा. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधला तसा एक बाकही डिस्नेलँडमध्ये जपून ठेवलाय. पार्क बांधताना त्याने मेन स्ट्रीटवरच्या अग्निशमन ठाण्याच्या वर स्वतःसाठी एक छोटी जागा करून घेतली. जेमतेम पाचशे चौरस फूट. तिथल्या खिडकीतून खालचा चौक आणि आत येणारी माणसं दिसतात. उद्घाटनाच्या दिवशी त्या खिडकीत उभं राहून लोकांचा लोंढा आत शिरताना बघताना वॉल्टच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, अशी आठवण तेव्हा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या एका बालकलाकार मुलीने पुढे सांगितली. त्या खिडकीत आजही दिवा तेवत ठेवतात.

ती जागा लहान पडायला लागली तेव्हा वॉल्टने दुसरी योजली. डिस्नेलँडमधला न्यू ऑर्लीन्स स्क्वेअर हा भाग जुलै १९६६ मध्ये उघडला. तिथे ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या राइडच्या वर, नदीकडे तोंड करून, सुमारे बावीसशे चौरस फुटांचं घर आखलं होतं. डोरोथिया रेडमंड या चित्रकार बाईंनी त्याच्या आतल्या खोल्यांची चित्रं काढली होती. पण १५ डिसेंबर १९६६ ला वॉल्ट गेला आणि घर अर्धवट राहिलं. फ्लोरिडाच्या राजवाड्यातल्या खोलीचंही तेच झालं. डिस्ने कुटुंबाला उतरायला म्हणून ती जागा राखून ठेवली होती. मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं तेव्हा वॉल्टला जाऊन जवळपास पाच वर्षं झाली होती, आणि ते काम तडीस नेणारा त्याचा भाऊ रॉय त्याच डिसेंबरात वारला. ज्यांच्यासाठी खोली होती त्यांच्यापैकी कुणी तिथे राहिलंच नाही. पुढे बरीच वर्षं राजवाड्यातल्या त्या जागेत टेलिफोन ऑपरेटर बसत, मग तिथे सामान पडून राहिलं.

हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी की या दोन्ही जागा हॉटेलच्या खोल्या म्हणून कुणी कधी बांधल्याच नव्हत्या. त्या यजमानाच्या खोल्या होत्या. घरात पाहुण्यांची वर्दळ असताना यजमानाने पाठ टेकायला ठेवलेल्या. यजमान राहिला नाही म्हणून त्याची खोली पाहुण्यांना दिली, तर त्यात काही वावगं नाही. पण आपल्याकडे कुणी घरी उतरायला आलं तर आपण त्याला सकाळी बिल देत नाही.

आम्ही राहतो तिथून डिस्नेलँड गाडीने तासाभरावर आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना ही जागा तशी पाठच असते, कारण भारतातून आई-वडील, सासू-सासरे आले की ग्रँड कॅन्यन, लास व्हेगास आणि डिस्नेलँड ठरलेलं. २०१५ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन तर अॅनाहाइमच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्येच झालं, डिस्नेलँडपासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा नऊवारी नेसून, नथी घालून डिस्नेच्या रस्त्याने चाललेल्या बायका बघायला मोठी मजा आली होती.

माझे सासरे इथे आले तेव्हा त्यांना राइड्समध्ये फारसा रस नव्हता. मूळचे सातारच्या बाजूचे, आयुष्य एसटीत गेलेलं, गुडघे दुखायचे. मुलं आणि माझा नवरा एका लांबलचक रांगेत गेले होते आणि आम्ही दोघं नदीकाठच्या बाकावर बसलो होतो. समोर पायरेट्सची इमारत. तिच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीला बिडाच्या नक्षीचा कठडा आहे. बाबा त्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “तिथं कोण राहतं गं?”

मी म्हटलं, “बाबा, कुणीच नाही. मालकासाठी बांधलेलं, तो राहायच्या आधीच गेला.”

कठड्याच्या मधोमध नक्षीत गुंफलेली काही अक्षरं होती, ती मी त्यांना दाखवली. डब्ल्यू डी आणि आर डी, वॉल्ट आणि रॉय, दोघा भावांची. लोखंडी वेलबुट्टीत ती इतकी मिसळून गेली आहेत की माहीत नसेल तर दिसत नाहीत. बाबांनी चष्मा वर करून नीट बघितली. “मग आता कुलूप लावून ठेवलंय व्हय? का कुणाला देत्यात?”

मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. या जागेत १९८७ पासून वीस वर्षं डिस्नेच्या चित्रांची गॅलरी होती, म्हणजे कुणीही जिना चढून वर जाऊ शकत होतं. मग ऑक्टोबर २००६ मध्ये कंपनीने ‘इयर ऑफ अ मिलियन ड्रीम्स’ नावाचा उपक्रम काढला. नाव वर्षाचं, पण तो २००८ च्या अखेरपर्यंत लांबला. पार्कमध्ये आलेल्या लोकांमधून कुणालाही, काहीही ध्यानीमनी नसताना, बक्षीस मिळायचं. त्यात सर्वांत मोठं म्हणजे एक रात्र राजवाड्यात. त्यासाठीच फ्लोरिडातली ती पडून असलेली खोली सजवली गेली. इथली गॅलरी २००७ मध्ये बंद झाली, २००८ मध्ये वॉल्टचं अर्धवट राहिलेलं घर जुन्या चित्रांबरहुकूम पुरं केलं गेलं, आणि त्याला ‘ड्रीम स्वीट’ म्हणायला लागले. एका खोलीत छताजवळच्या रुळांवरून छोटी आगगाडी फिरते. निजताना दाबायचं एक बटण आहे, ते दाबलं की खोलीत दिव्यांची आणि सुरांची काहीतरी जादू होते. तेव्हा ही खोली मिळायला पैसे लागत नव्हते. सकाळी तिकीट काढून आत आलेलं कुटुंब, पायात सपाता, खांद्याला पाण्याच्या बाटल्या, आणि त्यांनाच कुणीतरी येऊन सांगायचं की आज रात्री तुम्ही घरी जायचं नाही.

बाबा एकदम म्हणाले, “म्हंजे मानाच्या वारकऱ्यासारखंच की!”

माझ्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आषाढी एकादशीच्या पहाटे पंढरपुरात मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात, आणि त्यांच्या बरोबरीने दर्शनरांगेत उभ्या असलेल्या एका वारकरी जोडप्याला पूजेचा मान मिळतो. कुठल्याशा खेड्यातलं शेतकरी जोडपं असतं. त्यांना आदल्या संध्याकाळपर्यंत काहीच माहीत नसतं. रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली, दिवस-रात्र उभं राहून पाय सुजलेले, आणि अचानक राज्याच्या मुख्यमंत्र्याच्या शेजारी गाभाऱ्यात. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत त्यांचं नाव आणि गाव छापून येतं. त्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो, आणि बाबा एसटीतले असल्याने तो त्यांना अगदी आपल्या घरचा मान वाटायचा. ते स्वतःही वारीला गेलेले, त्या रांगेत उभे राहिलेले. त्यांना मान कधी मिळाला नाही. पण ते सांगत होते की त्या रात्री रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक जोडप्याच्या मनात कुठेतरी असतंच: कुणास ठाऊक, बोलावतील.

समजा उद्या देवस्थानाने जाहीर केलं की आषाढीच्या महापूजेला बसायचा मान अमुक लाख रुपये भरणाऱ्याला. पैसे भरणारे लगेच मिळतील आणि त्या पैशांतून वारकऱ्यांसाठी चांगली सोयही होईल. तरी महाराष्ट्रातला एकही माणूस हे सहन करणार नाही, आणि का नाही हे कुणाला समजावून सांगावंही लागणार नाही. विठ्ठल आणि मिकी माऊस यांना एका ओळीत बसवायचा माझा हेतू नाही, तसं बाबांनीही केलं नव्हतं. त्यांना जाणवलं ते एवढंच की रांगेतल्या कुणालाही मिळू शकणाऱ्या गोष्टीमुळे सगळ्या रांगेलाच काहीतरी मिळत असतं. एक जोडपं आत जातं, पण तो मान लाखांचा असतो. त्याला दर लावला की तो फक्त त्या जोडप्याचा होतो.

डिस्नेलँडच्या त्या खोलीचं पुढे काय झालं, ते तेव्हा बाबांना सांगायचं राहिलं. २०१७ पासून त्या घरात ‘ट्वेंटीवन रॉयल’ नावाची खाजगी मेजवानी सुरू झाली. बारा माणसांपर्यंतच्या गटाला तिथे बसून जेवता येतं. सुरुवातीला दर होता पंधरा हजार डॉलर. म्हणजे तिथे राहता येत नाही, पण संध्याकाळ विकत घेता येते. अक्षरं गुंफलेल्या त्या गॅलरीत हातात ग्लास घेऊन उभी असलेली माणसं खालून दिसतात. जेवणारे लोक वाईट आहेत असं मी म्हणत नाही. कुणाची आयुष्यभराची हौस असेल, कुणी पै-पै जमवून आईबापांना आणलं असेल. पण मुक्काम आणि संध्याकाळ यांत आता फक्त काही तासांचं अंतर उरलंय, म्हणून मला भाड्याचा प्रश्न नुसता गप्पांचा वाटत नाही. कधीतरी कुणीतरी हिशेबाची वही उघडून बसणार आहे.

तो हिशेब मीही करून पाहिला. मेजवानीचाच दर रात्रीला लावला, पंधरा हजार डॉलर, आणि वर्षाच्या ३६५ रात्री एकही रिकामी जाऊ न देता धरल्या, तर चोपन्न-पंचावन्न लाख डॉलर होतात. आपल्याला हा आकडा डोळे दिपवणारा वाटतो. पण डिस्नेच्या पार्क, जहाजं वगैरे विभागाचं २०२४ या आर्थिक वर्षाचं उत्पन्न सुमारे ३४ अब्ज डॉलर होतं. त्यापुढे हे पंचावन्न लाख म्हणजे दर्यात खसखस. दर दुप्पट केला तरी कंपनीच्या ताळेबंदाला ते जाणवणार नाही. ज्या पैशाने कंपनीला काडीचाही फरक पडत नाही, त्यासाठी अशी गोष्ट विकायची जी दर वर्षी कोट्यवधी माणसं मान वर करून बघतात, हा मला धंदा म्हणूनसुद्धा खुळेपणा वाटतो.

माझ्या एका मैत्रिणीचा यावर वेगळा मुद्दा आहे, आणि तो मला सहज झटकता येत नाही. ती म्हणते, तुझी ती सोडत २००८ ला संपली. आता राजवाड्यातली खोली कुणाला मिळते? कुठल्या तरी स्पर्धेतल्या विजेत्याला, धर्मादाय संस्थेमार्फत एखाद्या आजारी मुलाला, आणि कंपनीला ज्याला बोलवावंसं वाटेल त्या बड्या माणसाला. यातलं कुणाला किती वेळा, हे बाहेर कुठे लिहिलेलं नसतं. मग पैसे घेऊन दिली तर निदान दर तरी सगळ्यांना कळेल! ओळखीवर मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा पैशाने मिळणारी गोष्ट जास्त सरळ असते, कारण पैसे निदान कमावता तरी येतात.

वशिल्याने होणारी कामं आपण जन्मभर बघत आलोय, त्यामुळे तिचं म्हणणं आतपर्यंत जातं. पण त्यावरचा तिचा उपाय मला मान्य नाही. वशिला चालतो तर सोडत पुन्हा सुरू करा, उघडपणे करा, फाटकावर फलक लावा की काल रात्री अमुक गावचं कुटुंब राहिलं. दर लावला की बडी माणसं वगळली जाणार नाहीत, उलट त्यांना कुणाची ओळख काढायचीही गरज उरणार नाही. वगळले जातील ते बाकीचे सगळे.

आणि पैशाने असल्या गोष्टी सरळ होतात म्हणावं, तर रांगेचं काय झालं ते आपल्यासमोरच आहे. १९९९ मध्ये डिस्नेने फास्टपास आणला. यंत्रात तिकीट घातलं की परत यायची वेळ छापून मिळायची, त्या वेळेला आलात की छोटी रांग. फुकट होता आणि सगळ्यांना सारखा. ज्याला पहाटे उठून पोचायचं जमलं, ज्याने नीट आखणी केली, त्याला त्याचा फायदा. २०२१ मध्ये तो गेला आणि त्या जागी पैसे भरून जायची ‘लाइटनिंग लेन’ आली. १९५५ मध्ये एका डॉलरला प्रवेश मिळायचा, आत राइडचे पैसे वेगळे. आता डिस्नेलँडचं सर्वांत स्वस्त दिवसाचं तिकीट १०४ डॉलर आहे आणि गर्दीच्या दिवसांत ते २०० च्या वर जातं. त्यावर हे आणखी.

दोन रांगांमध्ये बहुतेक ठिकाणी एक साखळी किंवा दोरी असते, बस. गेल्या उन्हाळ्यात आमच्या पुढे एक सहा-सात वर्षांचा मुलगा होता, बापाच्या हाताला धरून उभा. पलीकडून माणसं भराभर पुढे जात होती. त्याने पाच-सहा कुटुंबं जाऊ दिली, मग दोरीला हात लावून बापाला विचारलं की आपण त्या बाजूने का नाही जायचं. बाप म्हणाला, आपली ही रांग आहे. मुलगा म्हणाला, पण ते नंतर आले. बापाने त्याच्या डोक्यावरची टोपी नीट केली आणि दुसरं काहीतरी बोलायला लागला. मला त्या बापाचं फार वाईट वाटलं. कदाचित त्याने एवढ्या तिकिटांसाठी वर्षभर पैसे बाजूला टाकले असतील, आणि तरी मुलाला सांगायला त्याच्याकडे काही नव्हतं.

त्या मुलाने वर बघून राजवाड्यातल्या खिडकीबद्दल विचारलं, तर आज अजून सांगता येतं की तिथे कुणालाही राहायला मिळू शकतं, तुलाही. सोडत चालू होती तेव्हा हे पूर्ण खरं होतं. आता अर्धंमुर्धं खरं आहे. भाड्याने दिली की ते खोटं होईल.

याचा अर्थ पार्कमध्ये पैसे घेऊन राहायला देऊच नये असं मी म्हणत नाही. टोकियोच्या डिस्ने-सीमध्ये मिराकोस्टा नावाचं हॉटेल २००१ पासून पार्कच्या आतच आहे, त्याच्या खोल्यांमधून थेट तिथलं बंदर दिसतं. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकाला लागून हॉटेल आहे. शेकडो खोल्या, ठरलेले दर, ऐपतीप्रमाणे घ्या. ते हॉटेल आहे आणि ते तसं म्हणवतंही. मला खटकतं ते त्या एकुलत्या एका खोलीला दर लावणं, कारण तिथे विकली जाणारी वस्तू खोली नसतेच, बाकी कुणाला न मिळणं ही असते.

विकण्याचा मामला तसाही कंपनीला एकदा फळला नाही. मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडात ‘स्टार वॉर्स’च्या नावाने गॅलॅक्टिक स्टारक्रूझर सुरू झालं. दोन रात्रींचा मुक्काम, जणू तुम्ही अंतराळयानात आहात आणि कथेत तुम्हीही एक पात्र आहात. दोघांना साधारण पाच हजार डॉलर. जे राहून आले त्यांपैकी कित्येकांनी भरभरून सांगितलं. तिथल्या नटांनी आणि कर्मचाऱ्यांनी जीव ओतला होता. पण सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस, जेमतेम दीड वर्षात, ते बंद झालं. कारणं अनेक सांगितली जातात. मला वाटतं, इतके पैसे मोजले की माणूस जादूला शरण जात नाही, तो दर तासाला मनात बेरीज करत राहतो. राजवाड्यात एका रात्रीचे वीस हजार भरून आलेल्या माणसाला खिडकीबाहेरची आतषबाजी चुकली, किंवा पाऊस आला, किंवा मुलाला ताप भरला, तर तो कुणाकडे तरी तक्रार करणार. मिळालेल्या माणसाला पावसातही राजवाडाच दिसतो.

फ्लोरिडात याच विषयातला एक वेगळाच माणूस होऊन गेला, हेन्री लँडवर्थ. नाझींच्या छळछावण्यांतून, ऑश्विट्झमधूनही, जिवंत बाहेर पडलेला हा माणूस अमेरिकेत येऊन हॉटेलच्या धंद्यात मोठा झाला. खोलीला भाडं किती येतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! मरणाच्या दारातल्या मुलांच्या कुटुंबांना त्याच्या हॉटेलात फुकट उतरायला मिळायचं. एकदा अशाच एका मुलीचं आरक्षण झालं होतं, पण प्रवासाची बाकी जुळवाजुळव होईपर्यंत उशीर झाला आणि ती मुलगी गेली. हे त्याच्या मनाला इतकं लागलं की १९८६ मध्ये त्याने ‘गिव्ह किड्स द वर्ल्ड’ ही संस्था काढली. डिस्ने वर्ल्डपासून जवळच, किसिमीमध्ये, आज तिचं एक गावच आहे. आजारी मुलं आपल्या घरच्यांबरोबर तिथल्या बंगल्यांमध्ये आठवडाभर राहतात आणि त्यांच्याकडून एक पैसा घेतला जात नाही. राजवाड्यातली ती एक खोली कुणाला द्यावी, असा प्रश्न पडला तर उत्तर शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

राजवाड्याच्या खालून जाणाऱ्या कमानीत भिंतीवर काचेच्या तुकड्यांची पाच मोठी चित्रं आहेत. सिंड्रेलाची सगळी गोष्ट त्यांत आहे. इटालियन काच, चांदी, अस्सल सोनं, लक्षावधी तुकडे. ती आखली डोरोथिया रेडमंड यांनी, म्हणजे ज्यांनी वॉल्टच्या घराच्या खोल्यांची चित्रं काढली होती त्यांनीच. आणि ते तुकडे बसवले हान्स शार्फ या माणसाने. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मन वायुदलात पकडलेल्या वैमानिकांची चौकशी करायचा, आरडाओरड न करता गोड बोलून माहिती काढण्यात त्याचा हातखंडा होता. युद्धानंतर अमेरिकेत येऊन मोझेकचा कारागीर झाला. (त्याच्या आयुष्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायचंय.) बुटाच्या मापाच्या चित्रात सिंड्रेलाच्या दोन सावत्र बहिणी उभ्या आहेत. जवळ जाऊन बघितलं तर एकीचा चेहरा हेव्याने हिरवा आहे आणि दुसरीचा रागाने लाल, अगदी काचेचाच रंग तसा निवडलाय. माझ्या मुलीने ते शोधून काढलं तेव्हा ती अर्धा तास तिथून हलेना. त्या राजवाड्यातलं सर्वांत देखणं काम असं रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावता येईल इतक्या जवळ आहे, ही गोष्ट मला त्या पार्कमध्ये सर्वांत जास्त आवडते. त्याच राजवाड्याच्या वरच्या खोलीचाही तसाच विचार व्हावा एवढंच मागणं आहे.

माझ्या मनात त्याची एक रीतही आहे. आठवड्यातल्या काही रात्री आजारी मुलांसाठी राखून ठेवाव्यात, त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. उरलेल्या रात्री त्या दिवशी फाटकातून आत आलेल्या माणसांमधून सोडत काढावी, दुपारी, राजवाड्यासमोर, सगळ्यांच्या देखत. बड्या माणसांना खोली द्यायची बंद करावी. ते हॉटेलात राहू शकतात.

आणि सोडतीच्या नावांत आणखी काही नावं घालावीत. पार्क बंद झालं की तिसऱ्या पाळीची माणसं येतात. रस्ते पाण्याने धुतात, दिवसभर हजारो हात लागून उडालेला रंग पुन्हा लावतात, राइडचे रूळ हातात विजेरी घेऊन तपासत चालतात, झाडांना पाणी घालतात. रिकामं पार्क, ज्यासाठी कुणी वीस हजार डॉलर द्यायला तयार होईल, ते ही माणसं रोज रात्री बघतात, पण झाडू, ब्रश आणि पक्कड-पाने हातात धरून. यांची मुलं शाळेत सांगत असतील की माझी आई राजवाड्यात कामाला आहे. वर्षातून काही रात्री त्या आईचं नाव सोडतीत निघावं. त्या रात्री तिची पाळी दुसऱ्या कुणीतरी करावी, तिच्या पगाराला धक्का न लागता, आणि तिने पोरांना घेऊन वर जावं.